एबेर सोकाचं पाऊण बोट

एबेर सोका खाटकाच्या डाव्या हाताची तर्जनी पाऊणच आहे. वरचं पेर नाही. ते पेर कुठं गेलं हे परवापरवापर्यंत सारांदी देल यी या आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी घोड्यांच्या जत्रेत सेरो चातोकडचा एक घोडे वठणीवर आणणारा गडी निदिया पेरासा नावाच्या पोरीबद्दल भर मैदानात अभद्र बोलला. एबेरनं अंगावरची घोंगडी, पोंचो, काढून डाव्या हाताला गुंडाळली, उजव्या हातानं कमरेचा सुरा उपसला, आणि निदियाच्या अब्रूपायी बोटाचं पेर मैदानावर सोडून आला. सुरुवातीला तो गडी एबेरच्याच उंचीचा होता. पण आमच्या गावात करमणूक कमी, त्यामुळं दरसाल तो चार बोटं वाढत गेला. हल्ली तर त्याला कुठल्याही दारातून वाकूनच आत यावं लागलं असतं.

ही गोष्ट एबेरनं स्वतः कधी कुणाला सांगितली नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. सांगायचं काम टायरवाल्या यामांदूकडं होतं. यामांदू त्या भांडणाचा साक्षीदार. रक्ताचा शिंतोडा त्याच्या नव्या टोपीवर उडाला होता आणि ती टोपी त्यानं अजून धुतलेली नाही. एबेर फक्त गप्प बसायचा. कुणी विचारलंच तर पाऊण बोटाकडं बघून जिभेनं एकदा ‘च्’ करायचा. हा ‘च्’ त्यानं तरुणपणी आरशापुढं उभं राहून बसवला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला त्याची इतकी लाज वाटायची, की ‘च्’ करून झाल्यावर तो उगाचच मागच्या थंड खोलीत जाऊन थोडा वेळ लोंबत्या मांसाबरोबर उभा राहायचा.

कारण पेर जत्रेत गेलंच नव्हतं. ते गेलं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बास्तेर्रा म्हाताऱ्याच्या दुकानात, गायीच्या मांडीचं हाड सोडवताना. एबेर तेव्हा तिथं नोकरीला होता. दवाखान्यातून हात बांधून आला तर लोकांनी आपणहून विचारलं, “काल त्या सेरो चातोवाल्यानं ना?” एबेर गप्प राहिला, तेवढंच. उरलेलं गावानं केलं. गुरुवारी खुद्द निदिया फळांच्या गोड वड्या घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं त्यात वडी घातली. मग लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, मुलगी झाली, ती लग्न होऊन साल्तोला गेली, आणि सांगायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांनी बायकोला काय सांगायचं, की बाई गं, तुझा संसार एका गैरसमजावर उभा आहे?

खोटं सांभाळायला कष्ट पडतात. गिऱ्हाइकांसमोर पोलादी जाळीचा हातमोजा घालायची सोय नव्हती. घातला की लोकांच्या मनात येणार, बोट मांसापायीच गेलं की काय. म्हणून पहाटे पाचला, दुकानात चिटपाखरू नसताना, तो चरबीच्या जुन्या डब्यातून आपला हातमोजा काढायचा, घालायचा आणि हाडांची सगळी अवघड कामं उरकून घ्यायचा. आठला निदिया गल्ल्यावर बसायला आली की हातमोजा डब्यात आणि एबेर उघड्या हातानं कौंटरवर. भिंतीवर खिळ्याला एक दुसरा, कोरा करकरीत हातमोजा लटकत असे. सरकारी तपासनीस आला की तेवढा घालायचा. लोक चोरून दारू पितात. एबेर चोरून काळजी घ्यायचा.

मग त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पाद्रीबाबांना वासराचं काळीज म्हणून त्यानं लादी पुसायचा स्पंज तोलला, तेव्हा निदियानं तो कागदात बांधायच्या आत पकडला आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. दीड वर्ष वाट बघायला लावून दुरास्नोच्या इस्पितळानं एका डोळ्यासाठी तारीख दिली ती डिसेंबरातल्या पहिल्या मंगळवारची. पुढं महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, सुऱ्याला हात लावायचा नाही. आणि डिसेंबरात तर आमच्या गावाला निखाऱ्यांवरच्या मांसाशिवाय दुसरं काही सुचत नाही. बदलीवर एक माणूस आणून बघितला. त्यानं बरगड्या अशा फोडल्या की सरपण म्हणून सहज खपल्या असत्या.

“मी कापते,” निदिया म्हणाली.

“तू?”

“बापाच्या शेतावर मी मेंढरं सोलत होते तेव्हा तू दुकानात नुसता भुसा पसरत होतास. आणि तीस वर्षं गल्ल्यावर बसून तुझे हातच बघतेय. तोंडाकडं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हाताऱ्या.”

दोघं बसनं दुरास्नोला गेले, हत्यारं घ्यायला. दुकानात शिरल्याशिरल्या निदियानं शिंगाच्या मुठीचा, चांदीच्या पट्टीचा सुरा उचलला.

“हा घेऊ. तुझ्या कमरेच्यासारखा.”

“ठेव तो. तो जत्रेत मिरवायला. चरबीचा हात लागला की मूठ सटकते, आणि हात सरळ पात्यावर जातो.”

त्यानं तिच्या हातात पांढऱ्या प्लास्टिकच्या मुठीचा सुरा दिला. दिसायला दवाखान्यातला. पण मूठ खरबरीत, आणि पुढं बोटं अडावीत म्हणून चांगला उंचवटा. वीतभर अरुंद पातं हाडाला लागून फिरायला, आणि दुसरा लांब, वाकडा सुरा मोठे तुकडे पाडायला. धार लावायची सळई पात्याहून लांब बघून घेतली. “बोथट सुऱ्याला जोर लावावा लागतो,” तो म्हणाला, “आणि जोर लावला की तो कुठं घुसेल ते आपल्या हातात राहत नाही.” बुटांचे तळ त्यानं अंगठ्यानं दाबून बघितले, कारण फरशीवर चरबी सांडली की माणूस हातातल्या सुऱ्यासकट पडतो. पोट आणि मांड्या झाकणारा जाळीचा एप्रनही काढायला लावला. हाड सोडवताना सुरा आपल्याच अंगाकडं ओढावा लागतो. निदिया सगळ्याला मान डोलावत होती.

मग दुकानदारानं हातमोजे आणले, आणि एबेरला राहवलं नाही.

“लाल पट्ट्याचा तिला मोठा होईल, पांढऱ्या पट्ट्याचा आणा. बोटांच्या टोकाशी जाळी लोंबता कामा नये, लोंबली की सुरा तिथंच अडतो. आतून सुती हातमोजा द्या, नाहीतर थंड खोलीत पोलाद चावतं. डाव्या हातात घालायचा, निदिया, मांस धरायच्या हातात. आणि विजेच्या करवतीवर हा कधीच नाही. करवत जाळी धरते आणि पंजाच आत ओढते.”

“किती वर्षं वापरताय?” दुकानदारानं कौतुकानं विचारलं.

“मी? मी नाही वापरत,” एबेर म्हणाला, आणि सवयीनं ‘च्’ करून मोकळा झाला.

निदियानं बोटांवर चढवलेला हातमोजा शांतपणे उतरवला. “मग मला कशाला?”

परतीच्या बसमध्ये तिनं एकेक मुद्दा बोटांवर मोजला, दहाच्या दहा शाबूत बोटांवर. “तू जन्मभर उघड्या हातानं कापतोस. मांसानं तुझं एक तरी बोट नेलं? नाही. नेलं ते त्या दांडगटानं. मग मी काय तुझ्याहून वेंधळी? की बाई आहे म्हणून?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

कसं ते सांगायला एकच वाक्य लागत होतं. एबेर खिडकीतून गुरं बघत बसला. त्याला दिसत नव्हती, पण तो बघत बसला. घरी आल्यावर नवा हातमोजा खिळ्यावर तपासनिसाच्या हातमोज्याशेजारी लटकला. निदिया उघड्या हातानं कापायला शिकू लागली, आणि ती चपळ असल्यामुळं तर त्याला जास्तच भीती वाटू लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुरा ओझरता लागला. तिनं चिकटपट्टी लावली आणि पुढं कापत राहिली. आजवर त्याच्या खोट्यानं कुणाचं काही खाल्लं नव्हतं. आता ते बायकोची बोटं खायला बसलं होतं. रोज तो ठरवायचा, उद्या सांगतो. सेरो चातोच्या राक्षसाशी भिडलेला गावचा मर्द पाच फूट उंचीच्या बायकोपुढं एक वाक्य बोलायला घाबरत होता, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीचा शनिवार. दुकान गच्च भरलेलं. गल्ल्यावर एबेर, कौंटरवर निदिया, तिच्यापुढं गायीची अख्खी मांडी. रांगेत यामांदू होता, पाद्रीबाबा होते, आणि निवृत्त शिक्षिका ओफेलियाबाई होत्या. आमच्याकडच्या कुणाही माणसासारखा त्यांच्या डाव्या बगलेत थर्मास आणि हातात माते होता, म्हणजे भोपळ्याच्या वाटीत येर्बाचा पाला, त्यावर गरम पाणी, आणि ओढायला नळी. वाटी एकच, ती फिरत राहते. ज्याला पुरे झालं तो वाटी परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे आभारी आहे, म्हणतो, की मग त्याला पुन्हा देत नाहीत. जो काही बोलत नाही त्याला आणखी हवा असतो.

ओफेलियाबाईंनी वाटी भरून कौंटरवरून पुढं केली. निदियानं ती डाव्या हातात घेतली, नळी ओढली, काही न बोलता परत दिली, आणि तोच हात पुन्हा मांसावर ठेवला. उजव्या हातातला सुरा तिनं सोडलाच नव्हता. तो हाडाच्या खाचेत शिरला. ओफेलियाबाई पुढची वाटी भरू लागल्या.

एबेरला धुक्यातून तीनच गोष्टी दिसल्या, उघडा हात, भोपळ्याची वाटी आणि चमकणारं पातं. या तिन्ही गोष्टी त्यानं पूर्वी एकत्र बघितल्या होत्या.

“सुरा खाली ठेव,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“ठेव म्हणतो ना.”

त्याचा तसा आवाज कुणी ऐकला नव्हता. निदियानं सुरा ठेवला. एबेर चाचपडत मागं गेला आणि चरबीचा डबा घेऊन आला. झाकण उघडून त्यानं कौंटरवर जुना, घासून पांढरा पडलेला जाळीचा हातमोजा टाकला. त्याची चार बोटं पूर्ण होती. पाचवं, तर्जनीचं, मधेच दुमडून तारेनं घट्ट बांधलेलं होतं.

निदिया त्या दुमडलेल्या बोटाकडं बघत राहिली. “हे काय आहे?”

“माझा हातमोजा. रोज पहाटे घालतो, तू यायच्या आधी.” त्यानं तारेवर बोट ठेवलं. “बोट त्या गड्यानं नाही तोडलं. बास्तेर्राच्या दुकानात गेलं. त्यानं मला हातमोजा दिलेला, ओरडून ओरडून सांगितलेलं की काढू नकोस. माते आला, म्हणून मी काढला. दुसरा येणार होता, म्हणून परत घातला नाही. ग्रासियास म्हणालो असतो तर दुसरा आला नसता, मी हातमोजा चढवला असता, आणि आज माझी दहा बोटं असती. असाच मांडीचा तुकडा होता. अशीच वाटी होती.”

मग यामांदू दुखावलेल्या सुरात म्हणाला, “असं कसं? मी तिथं होतो.”

“तू कुठं होतास मला माहीत नाही, यामांदू. मी चोरिपानच्या रांगेत होतो.” आता निघालंच होतं तर एबेरनं सगळंच बाहेर काढलं. “तो गडी निदियाबद्दल बोलला ते मी ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. माझ्यापुढं दोनच माणसं उरली होती. मी रांग सोडली नाही.”

“सॉसेज-पाव मोहरी लावून घेतलास का नुसताच?” ओफेलियाबाईंनी विचारलं.

“लावून,” एबेर म्हणाला.

तिथं बांध फुटला. लोक कौंटरला धरून हसले. पाद्रीबाबा हसत हसत बाहेर गेले आणि फुटपाथवर बसून उरलेलं हसले. एबेरलाही हसू आलं. एकतीस वर्षं छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्याला हलकं वाटलं, आणि मग त्यानं निदियाकडं बघितलं. ती हसत नव्हती.

“म्हणजे माझ्यासाठी कुणी भांडलंच नाही,” ती म्हणाली.

तिनं ते हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, आणि लोकांनी कौंटरवरचे हात काढले. खोटं बोलल्याबद्दल ती चिडेल, एवढीच त्यानं तयारी केली होती. आपल्यासाठी कुणी भांडलं ही गोष्ट तिची होती, आणि इतकी वर्षं तिनं ती जपून ठेवली होती, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. ओफेलियाबाईंनी भरलेली वाटी पुढं केली, तर निदियानं मान हलवली. “ग्रासियास.” मग तिनं खिळ्यावरून पांढऱ्या पट्ट्याचा हातमोजा काढला, आधी आतला सुती, वर जाळीचा, पट्टा ओढून घट्ट केला आणि मांडीचं हाड जिथं सोडलं होतं तिथून पुढं सोडवायला घेतलं. एबेर गल्ल्यावर जाऊन बसला. तिची दहाच्या दहा बोटं त्यानं धुक्यातूनच, अंदाजानं मोजली.

रविवारी सकाळी त्यानं माते करून दिला. पहिलीच वाटी परत देताना ती म्हणाली, “ग्रासियास.” सोमवारीही तेच. घरात बायको पहिल्या वाटीला ग्रासियास म्हणते तेव्हा नवऱ्यानं काय समजायचं ते समजावं. मंगळवारी ती त्याच्याबरोबर दुरास्नोला आली, इस्पितळाच्या कागदांवर सह्या केल्या, बसमधून उतरताना त्याचा दंड धरला, आणि जाता-येता मिळून डॉक्टरांनी सांगितलेल्या थेंबांच्या वेळा तेवढ्या बोलली.

गावानं मात्र तोंड बंद ठेवलं नाही. एबेर डोळ्यावर पट्टी लावून गल्ल्यावर बसला की येणारा प्रत्येकजण विचारायचा, “रांग कुठवर आली?” कुणीतरी कौंटरवर मोहरीची बाटली ठेवून गेलं. सगळ्यात हद्द केली ती यामांदूनं. दोन दिवस तो फुगून बसला. तिसऱ्या दिवसापासून सांगायला लागला, की चोरिपानच्या त्या रांगेत एबेरच्या बरोबर मागं तोच उभा होता, आणि टोपीवरचा डाग सॉसचा आहे. ऐकणाऱ्यांनी तेही मान्य केलं. आम्ही लोक असेच आहोत, आम्हाला साक्षीदार असला की पुरे. एबेरनं सगळं सहन केलं, कारण प्रत्येक टोमणा त्याला पटत होता. त्रास होत होता तो फक्त सकाळच्या त्या एका शब्दाचा.

पुढच्या शनिवारी पासो दे लोस तोरोसकडचा एक ट्रकवाला दुकानात आला. गावचा नव्हता, त्याला काही माहीत नव्हतं. निदिया बरगड्या सोडवत होती, हातमोज्याच्या जाळीवर चरबी चकाकत होती. एबेरला दुसरं कामच उरलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना माते भरून देत होता. सुटे पैसे घेताना ट्रकवाल्याला ते बोट दिसलं.

“हे कुठं ठेवून आलात, उस्ताद?”

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. यामांदूनं घसा साफ केला. एबेरची जीभ सवयीनं टाळूला लागली, आणि तिथंच राहिली.

“बोट गेलं मातेपायी,” निदिया मान वर न करता म्हणाली. “माझ्यापायी गेली ती याची अब्रू. गेल्या शनिवारी, इथंच, सगळ्यांच्या देखत.”

ट्रकवाल्याला काहीच कळलं नाही. तो मांस घेऊन गेला. निदियानं सुरा खाली ठेवला, पूर्ण खाली, फळीवर. उजवा हात एप्रनला पुसून पुढं केला. एबेरनं वाटी भरून तिच्या हातात दिली. तिनं सावकाश, शेवटचं पाणी गुरगुरेपर्यंत नळी ओढली, आणि वाटी परत दिली. एबेर वाटी धरून एका डोळ्यानं तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

ती काही बोलली नाही. तिनं सुरा उचलला आणि पुढची बरगडी धरली. एबेरनं वाटीत पुन्हा पाणी ओतलं.